पूर्वेचा डोंगर, पश्चिमेचा पास

नव्या गावी बिऱ्हाड हलवलं की लोक काय विचारतात? पाणी गरम येतं का, स्टेशन किती लांब, कढीपत्ता कुठे मिळतो. आम्ही ब्रॅकनेलहून एडिनबराला आलो, व्हॅनमधून अजून गाद्यासुद्धा उतरल्या नव्हत्या, आणि आमच्या घरमालकांनी दारात उभं राहून मला पहिला प्रश्न विचारला तो असा :

"मग? पास कुठला?"

"बसचा?" मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. ऑपरेशनच्या ऐन मध्यावर पेशंट उठून बसला तर भूल देणाऱ्या डॉक्टरचा चेहरा कसा होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. कारण आमचे घरमालक निवृत्त भूलतज्ज्ञच होते. नागपूरचे. सगळं एडिनबरा त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणायचं.

"बसचा नाही जी. डोंगराचा! स्कीचा सीझन पास! तुमच्याकडे गाडी आहे ना?"

"आहे. पण आम्ही स्की करत नाही," माझा नवरा गादीच्या मागून म्हणाला.

"आजपर्यंत," डॉक्टर म्हणाले, आणि आत निघून गेले. ऑगस्ट महिना होता. डॉक्टरांच्या डोक्यावर माकडटोपी होती.

ती माकडटोपी तपकिरी, घरी विणलेली, कानांवरून हनुवटीपर्यंत येणारी. ती घालून ते भाजी आणत, बागेतलं गवत कापत, टीव्ही बघत. थंडी वाजत होती म्हणून नव्हे हं. घरातलं हीटिंग ते नोव्हेंबरपर्यंत लावत नसत आणि खिडक्या सताड उघड्या असत. "नागपूरचं ऊन सत्तावीस वर्षं अंगात जिरवलं मी," ते म्हणत. "ते अजून निघून नाही राहिलं. त्याला वाट द्यावी लागते." मग टोपी कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "डोक्यातलं ऊन ठेवायचं असते."

आम्ही त्यांच्याकडे कसे आलो तेही सांगते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांची जाहिरात होती. 'मॉर्निंगसाइडला वरचा मजला भाड्याने देणे. दोन बेडरूम, स्वतंत्र किचन, भरपूर सूर्यप्रकाश, असेल तेव्हा. शाकाहारी, मांसाहारी, कोणीही चालेल. भाडेकरूकडे स्वतःची गाडी हवीच.' नवरा म्हणाला, वा, पार्किंग दिसतंय. पार्किंग नव्हतंच. गाडी दोन रस्ते पलीकडे लावावी लागे. गाडी हवी होती ती डॉक्टरांना! आता आम्ही केंब्रिजला असतो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर दुसरे भाडेकरू राहतात. गाडी त्यांच्याकडेही आहे, मी चौकशी केली.

झालं होतं असं की त्या वसंतात डॉक्टरांनी आपलं ड्रायव्हिंग लायसन्स स्वतःच्या हातांनी पाकिटात घालून परत पाठवलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. इथला नियम असा, की वीस मीटरवरून पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. डॉक्टर दर महिन्याला रस्त्यावर टेप टाकून स्वतःची परीक्षा घेत. एका महिन्यात नापास झाले. पुन्हा मोजलं, पुन्हा नापास. त्याच दुपारी पोस्टात गेले.

"मग या डोळ्यांनी डोंगरावर घसरता कसे?" मी घाबरून विचारलं.

"डोंगराला नंबरप्लेट नसते," डॉक्टर म्हणाले.

आणि गंमत, म्हणजे दुष्ट गंमत पाहा. ज्या डोंगरावर ते तीस-पस्तीस वर्षं जात होते, तिथे पंच्याहत्तरी झालेल्या माणसाला सीझन पास फुकट. डॉक्टरांची पंच्याहत्तरी झाली आणि त्याच महिन्यात गाडी गेली. डोंगर घरापासून दोन तासांवर. तिथे ट्रेन जात नाही, बस जात नाही. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जुने स्कीवाले दोस्त गुडघे बदलून घरी बसले होते.

एकदा मी त्यांच्याकडे जास्तीचे मटार ठेवायला गेले, तर फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचे चार-पाच डबे. म्हटलं, डॉक्टर गोडाचे शौकीन दिसतात. एक उघडला, तर आत बर्फ. डोंगरावरचा बर्फ! प्रत्येक डब्यावर चिठ्ठी : जानेवारी, पूर्व उतार, सकाळ. फेब्रुवारी, माथा, दुपार. पाहुण्यांना ते त्यातला चिमूटभर दाखवत, अत्तराची बाटली दाखवावी तसा. सर्वांत वरच्या डब्यावर लिहिलं होतं, 'एप्रिल. शेवटचा?'

ते प्रश्नचिन्ह पाहिलं आणि मी मटार तसेच हातात धरून वर आले.

"आपण स्की शिकतोय," मी नवऱ्याला सांगितलं.

"'आपण' म्हणजे कोण कोण?" त्यानं विचारलं. खेळ म्हणजे क्रिकेट, आणि तेही सोफ्यावर बसून, हे त्याचं मत आहे.

"मी शिकतेय. तू एक्सेल कर."

एक्सेल म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

आता प्रश्न समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एडिनबराहून एका दिवसात जाऊन येता येईल असे डोंगर दोन. एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. त्यांना इंग्रजी नावं आहेत, पण डॉक्टर ती कधी घेत नसत. दोन डोंगर, दोन मालक, दोन वेगळे पास, आणि दोन्ही काढण्याइतके आम्ही वेडे नव्हतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी दुपारी बारापर्यंत पास स्वस्त, नंतर महाग. आम्ही पूर्वेचा काढला, तर डॉक्टरांना त्यांचा डोंगर मिळणार. पश्चिमेचा काढला, तर त्यांच्या वाट्याला फ्रीजरमधला डबा.

पश्चिमेच्या डोंगराबद्दल डॉक्टर कसे बोलत? नागपूरची माणसं पुण्याच्या तिखटाबद्दल जसं बोलतात तसे. आधी दयेनं हसत, मग विषय बदलत.

मला वाटलं, झालं, सोपं आहे. पूर्वेचा काढायचा, हिवाळाभर म्हाताऱ्याला न्यायचं, आपणही घसरायला शिकायचं. पण डॉक्टर हा सोपा माणूस नव्हता. पहिल्याच शनिवारी त्यांनी मला सांगितलं, "पास असा काढत नसतात. आधी तपासणी. मग निदान. मग पास."

ऑफिसला माझी ओळख 'टेस्टिंगवाली' अशी आहे. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं हे माझं काम. पण अशी तपासणी मी जन्मात पाहिली नव्हती. डॉक्टरांकडे ऑपरेशनच्या वेळी भरायचे जुने तक्ते होते. पेशंटची नाडी, रक्तदाब, दर पाच मिनिटांनी एक खूण. त्या कोऱ्या तक्त्यांवर त्यांनी दोन्ही डोंगरांची कुंडली मांडली होती. कुठल्या दिवशी डोंगर उघडा, कुठल्या दिवशी वाऱ्यानं बंद, कुठल्या दिवशी बर्फ कसा.

आणि बर्फ कसा, हे सांगायला त्यांची स्वतःची भाषा होती. "मराठीत एकच शब्द जी, बर्फ! उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फ! असं कसं चालेल?" म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातून शब्द आणले. ताजा, हलका, फुंकर मारली तर उडेल असा पडला की 'पिठीसाखर'. थोडा दाणेदार झाला की 'रवा'. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठला की गोल गोल 'साबुदाणा'. पाणी सुटलं की 'भिजलेला साबुदाणा'. आणि वर काचेसारखा पापुद्रा धरला की 'चिक्की'. चिक्कीच्या दिवशी घरी बसायचं.

डॉक्टरांचा फोन जगभरचे बर्फाचे कॅमेरे दाखवायचा. आपल्याकडे सप्टेंबरात काही नाही म्हटल्यावर ते न्यूझीलंडचा डोंगर बघत आणि सरावासाठी आम्हांला बातमी देत. एका गुरुवारी नवरा ऑफिसातून येताना भारतीय दुकानाजवळ होता. त्याला मेसेज आला, 'रवा उत्तम. साबुदाणा खाली.' तो बिचारा दोन किलो रवा घेऊन आला. वर साबुदाण्यासाठी दुकानातल्या सगळ्यांत खालच्या फळीवर गुडघे टेकून शोधाशोध करून आला.

"त्यांना उपास आहे का?" त्यानं मला विचारलं. "आणि मग रवा कशाला?"

मी जिन्यावर बसून इतकी हसले, की डॉक्टर खालून धावत आले आणि त्यांनी माझी नाडी धरली.

शहराच्या दक्षिणेला एका टेकडीवर स्कीचा नकली उतार आहे. बारा महिने चालतो. बर्फ नाही, प्लास्टिकचे ताठ केस. टूथब्रशची भलीमोठी गादी तिरकी अंथरावी तसा. त्यावर पाणी मारतात म्हणजे घसरतं. डॉक्टर मला तिथे घेऊन गेले. म्हणजे मी त्यांना घेऊन गेले, गाडी माझी. त्यांनी नारिंगी जॅकेट घातलं होतं. "संत्र्याच्या गावचा माणूस आहे मी. लोकांनी मला लांबून पाहावं. मला ते नाही दिसले तरी चालते."

मी सेहेचाळीस वर्षांची. शाळेत पी.टी.च्या तासाला माझं न चुकता डोकं दुखायचं. पायांत ते दगडासारखे बूट, बुटांखाली दोन लांब पट्ट्या, आणि समोर ती ओली गादी खाली खाली जातेय.

डॉक्टर शेजारी आले. आवाज एकदम बदलला. मऊ, खोल, जगाची काही घाई नाही असा.

"श्वास घ्या. छान. आता दहापासून उलटं मोजा."

"काय?"

"मोजा ना जी. दहा..."

"दहा," मी म्हटलं. "नऊ. आठ. सा..."

आणि मी निघालेली होते! कधी निघाले कळलं नाही. वारा तोंडावर, आणि घशातून एक किंकाळी, तिचं खाली पोचेपर्यंत हसू झालं. खाली मी थेट जाळीत जाऊन अडकले. डॉक्टर मागून अलगद आले, जसा माणूस जिन्यावरून वर्तमानपत्र वाचत उतरतो.

"चाळीस वर्षं मोजायला लावून राहिलो लोकांना," ते म्हणाले. "सहाच्या खाली कोणी जात नाही."

"पुन्हा!" मी म्हटलं. मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. "पुन्हा, डॉक्टर, पुन्हा!"

मग आम्ही दर शनिवारी जायला लागलो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली माझे गुडघे आपोआप वाकायचे. स्वयंपाक करताना मी ओट्यावरून शेगडीकडे वळायचे तेसुद्धा वजन एका पायावर टाकून. नवऱ्याची एक्सेल वाढत वाढत सात पानांची झाली. आणि डॉक्टर दर शनिवारी तक्त्यावर काहीतरी लिहीत, मला दाखवत नसत.

त्या उतारावर वर जायला बटन लिफ्ट असते. म्हणजे फिरत्या दोरीला लोंबणारी एक काठी, काठीच्या टोकाला प्लास्टिकची ताटली. ती ताटली दोन मांड्यांमध्ये धरून उभं राहायचं, बसायचं नाही, की दोरी आपल्याला ओढत वर नेते. मी बसायचे. दर वेळी बसायचे! ताटली दिसली की पुण्याच्या बाईला बसावंसंच वाटतं. बसलं की आडवं. आडवं झालं की लिफ्ट थांबते, घंटा वाजते आणि मागची सगळी रांग तुमच्याकडे बघते.

पास स्वस्त असण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, डॉक्टरांनी आम्हां दोघांना खाली बोलावलं. टेबलावर तक्ते पसरलेले. चहा दिला, त्यात सवयीप्रमाणे साखर नव्हती, विसरलेली होती. मग त्यांनी लेटरहेडच्या कागदावर खरंखुरं प्रिस्क्रिप्शन लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. अक्षर डॉक्टरचंच. आम्ही दोघांनी मिळून वाचलं : 'पश्चिम. आठवड्यातून एकदा. जेवणाआधी.'

"पश्चिम?" मी म्हटलं. "डॉक्टर, चुकून लिहिलंत."

"नाही जी. तपासूनच लिहिलं." ते तक्त्याकडे बघत बोलत होते. "पूर्वेच्या डोंगरावर सगळ्या बटन लिफ्ट. तुम्ही बटनावर टिकत नाही. दिवसभरात तुम्ही अर्धा तास घसराल आणि पाच तास पडाल. मग एक दिवस म्हणाल, नको बाप्पा, आणि सोडून द्याल. पश्चिमेला नव्या लोकांसाठी सरकता पट्टा आहे. उभं राहायचं, वर जायचं. शिकवायची शाळा पण चांगली. तुमच्यासाठी पश्चिम."

"आणि तुम्ही?"

"माझं काय? मी केली आहे भरपूर."

"डॉक्टर, तुम्ही जाहिरातीत गाडी मागितली होती!"

"मागितली होती. मागायला काय जाते?" ते हसले. मग त्यांनी टोपी कानांवर आणखी खाली ओढली. "ऐका. आपली सोय पाहून पेशंटला भूल देत नसतात. एवढं एकच मी धरून ठेवलं आयुष्यात. आता चहा प्या."

आम्ही वर आलो. नवऱ्यानं एक्सेल उघडली आणि हळूच म्हणाला, "माझंही पश्चिमच येतंय. पण मी ते बोलणार नव्हतो."

रविवारी सकाळी उठले, पोहे केले, अकरा वाजता लॅपटॉप उघडला आणि पूर्वेच्या डोंगराचा पास काढला. एकटीचा. नाव, पत्ता, फोटो, पैसे, खटाखट. 'हा पास परत करता येणार नाही,' असं लाल अक्षरांत आलं. मी मोठ्यांदा म्हटलं, "नकोच करायला!" कोणाला तरी पळवून नेऊन रजिस्टर लग्न लावल्यासारखं वाटत होतं.

नवरा पोह्यांची बशी घेऊन बाजूला उभा होता. "बटन लिफ्ट?" तो म्हणाला.

"शिकेन. नाहीतर पडेन. बाई पडली म्हणून डोंगर काय माझ्यावर केस करणार आहे?"

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. खालून मेसेज : 'मी पश्चिमेचा पास काढून राहिलो. तुम्ही पण काढा. सोबत जाऊ.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मटकन खाली बसले.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"त्यांनी पश्चिमेचा पास काढला! पैसे भरून! आपला फुकटचा सोडून! तो डोंगर, ज्याच्याबद्दल ते आयुष्यभर नाक मुरडत आले, त्याचा! माझ्यासाठी! आणि मी इकडे पूर्वेचा काढून बसलेय, आता मी पूर्वेला एकटी पडणार आणि ते पश्चिमेला कसे जाणार, आणि दोन्ही पास परत होत नाहीत, आणि..."

नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला. पोह्यांचा घास चावत मेसेज वाचला. चावणं थांबलं.

"अगं, 'काढून राहिलो' लिहिलंय."

"तेच तर! काढून मोकळे झाले!"

"मोकळे कुठले? डॉक्टर कुठले आहेत?"

"नागपूरचे."

"ते 'जेवून राहिलो' म्हणतात तेव्हा घास कुठे असतो?"

"तोंडा..." मी म्हटलं, आणि उठले.

महिना-दीड महिना त्यांचं बोलणं मी कानांनी ऐकत होते, एकदाही अर्थ चुकला नव्हता. डोळ्यांनी वाचायची वेळ आली आणि मी पुन्हा पुण्याची झाले. काढून राहिलो म्हणजे काढला नव्हे! काढतोय! आत्ता! खाली! या क्षणी!

जिन्याच्या चौदा पायऱ्या मी कशा उतरले माहीत नाही. एक चप्पल वरच राहिली. दार उघडंच होतं, त्यांच्या खिडक्यांसारखं. डॉक्टर पॅसेजच्या पांढऱ्या भिंतीपुढे ताठ उभे, अंगात नारिंगी जॅकेट, डोक्यात माकडटोपी, हात लांब करून टॅबलेट समोर धरलेला. स्वतःचा फोटो काढत होते.

"थांबा!" मी ओरडले.

"काऊन जी?" ते म्हणाले. "हे पाहा ना. चौथ्यांदा फोटो नाकारून राहिले. म्हणे चेहरा दिसत नाही. चेहरा तर समोरच आहे!"

"टोपी काढायला सांगतायत."

"टोपी काऊन काढू? पासपोर्ट थोडीच आहे, पास आहे."

"डॉक्टर, पैसे भरलेत का?"

"फोटो घेतला की भरायचे."

मी भिंतीला टेकले. त्या विणलेल्या टोपीचा मुका घ्यावासा वाटला मला.

"भरू नका. मी पूर्वेचा काढलाय."

टॅबलेट खाली आला. "काय केलं तुम्ही?"

"पूर्वेचा पास काढला. परत होत नाही. अर्धा तास झाला."

"माझं प्रिस्क्रिप्शन..."

"वाचलं. घेतलं नाही. पेशंट कधी कधी ऐकत नाहीत."

डॉक्टर खरंच चिडले. मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "ही काय मस्करी आहे? मी तपासलं, लिहिलं, समजावून सांगितलं. म्हाताऱ्याची दया करून राहिले का? मले नको कोणाची दया!" रागात त्यांचं 'मला'चं 'मले' झालं होतं. "लोक जन्मभराचं नुकसान करून घेतात एका दयेपायी. पडाल तिथे! दर फेरीला पडाल!"

"पडेन."

"वारा असते तिथे. अर्धे दिवस डोंगर बंद असते."

"मग गाडीत बसून डबा खाऊ."

"रडाल."

"डॉक्टर, मी आयुष्यात पहिल्यांदा एका खेळात मजा घेतेय. सेहेचाळिसाव्या वर्षी! ती सरकत्या पट्ट्यावर घेतली काय, पडून घेतली काय. पण तुमच्या डोंगरावर तुम्ही जसं शिकवाल, तसं पश्चिमेला कोणी शिकवणार नाही. दया कसली? मी माझी सोय पाहिली. मी भूल देणारी नाही, मला परवानगी आहे."

जिन्यावर नवरा माझी चप्पल हातात घेऊन उभा होता. त्यानं घड्याळाकडे बोट केलं. बाराला बारा मिनिटं कमी.

"डॉक्टर, तुमच्या फुकटच्या पासचीही बाराच्या आत नोंदणी करायला लागते का?" त्यानं विचारलं.

"लागते."

"केलीत?"

"नाही ना. करणारच नव्हतो."

मग काय गडबड उडाली! टॅबलेट माझ्या हातात, चष्मा त्यांच्या हातात, पासवर्ड कोणाच्याच डोक्यात नाही. नवरा जन्मतारीख विचारतोय, डॉक्टर ती रक्तगटासकट सांगतायत. शेवटी पूर्वेच्या डोंगरानंही तेच मागितलं : फोटो, डोकं उघडं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी काढली. पांढरे, मऊ, विस्कटलेले केस, आणि त्यांखाली एकदम कोवळा दिसणारा माणूस. ते भिंतीपुढे उभे राहिले आणि हसायचं नाही असा नियम असूनही हसले. तो फोटो मात्र कोणी नाकारला नाही.

जानेवारीतल्या एका शनिवारी डोंगर उघडला. सकाळी सहाला आम्ही निघालो. डॉक्टरांनी पहाटे उठून नागपूरच्या सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, तळल्या होत्या, गाडीभर वास. इथल्या पर्थ गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरं सुरू झालं आणि डॉक्टर खिडकीला नाक लावून ओरडायला लागले, "रवा! रवा आहे! नाही, वर पाहा, पिठीसाखर! अहो, पिठीसाखर!" मीही ओरडत होते. नवरा गाडी चालवत होता आणि तोही ओरडत होता, निदान काय दिसतंय ते कळावं म्हणून.

बटन लिफ्टवर मी पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा, बसले नाही! कशी कोण जाणे, उभी राहिले आणि त्या ताटलीनं मला माथ्यापर्यंत नेलं. वर ऊन होतं. चारी बाजूंना पांढरे डोंगर, आणि हवा अशी स्वच्छ, की श्वास घेतला की दात वाजावेत.

"इथे थांबा," डॉक्टर म्हणाले. "मी एकदा खाली जाऊन बर्फ पाहून येतो. मग तुम्हांला नेतो."

आणि ते निघाले. प्लास्टिकवर मी त्यांना माझ्या मागून सावकाश येताना पाहिलं होतं, असं मोकळं घसरताना नाही. ते काही वेगळंच होतं. आवाज नाही, घाई नाही, एक लांबलचक वळण, मग दुसरं, आणि तो नारिंगी ठिपका लहान लहान होत गेला. हा माणूस हे कायमचं सोडायला तयार झाला होता, मी बटनावरून पडते म्हणून. मी वर उभी राहून टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे आवाज झाला नाही.

ते खाली पोचले, लिफ्टवरून पुन्हा वर आले आणि माझ्या पुढून सरळ निघून गेले. मी हात केला. त्यांनीही हात केला, जसा कोणालाही करतात, आणि पुन्हा खाली. मला वाटलं, अजून बर्फ बघायचा राहिला असेल.

तिसऱ्या फेरीला ते माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबले. श्वास जोरात चाललेला, गाल लालबुंद. मी हेल्मेट, गॉगल, तोंडावर मफलर, आणि अंगात चॅरिटी शॉपमधलं निळं जॅकेट, तिथल्या दहा बायकांच्या अंगात होतं तसलंच. डॉक्टर माझ्याकडे वळले, अदबीनं मान झुकवली आणि स्वच्छ स्कॉटिश इंग्रजीत म्हणाले, "लव्हली डे, इजन्ट इट?"

त्यांनी मला ओळखलंच नव्हतं. मला तिथे उभं करून ठेवलंय, हेच ते विसरले होते.

मी मफलर नाकापर्यंत वर ओढला.

"येस," मी म्हटलं, आवाज बदलून. "लव्हली." आणि एक पाऊल मागे सरकून त्यांना वाट करून दिली.